प्रायमरीच्या चाचणीत बाहेरचा उमेदवार पुढे दिसला, तर ते आकडे कसे वाचावेत

अमेरिकेतील निवडणुकांच्या बातम्या नियमाने वाचणाऱ्यांना दर दोन-चार वर्षांनी एक मथळा हमखास भेटतो: पक्षातले कोणीही ज्याला गांभीर्याने घेत नव्हते, असा उमेदवार प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या, जनमत चाचणीत अचानक सर्वांच्या पुढे गेला आहे. त्यावर काही जण ‘हवा बदलली’ म्हणून मोकळे होतात, तर काही जण ‘हा चार दिवसांचा फुगा आहे’ असे सांगतात, आणि बहुतेक वेळा दोघांनीही मथळ्याखालचा तक्ता उघडलेला नसतो. २०११च्या ऑक्टोबरमध्ये पिझ्झा साखळीचे माजी प्रमुख हर्मन केन रिपब्लिकन चाचण्यांत सुमारे एक चतुर्थांश पाठिंब्यासह आघाडीवर पोहोचले होते, आणि ३ डिसेंबरला त्यांनी प्रचार थांबवला. २०१५च्या ऑगस्टमध्ये डोनाल्ड ट्रम्प जवळजवळ तेवढ्याच पाठिंब्यासह आघाडीवर होते, आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आघाडीचा आकडा सारखाच असताना निकाल इतके वेगळे लागत असतील, तर वाचायची गोष्ट आकड्याच्या आजूबाजूला आहे. ती कशी वाचावी हे पुढे क्रमाने सांगतो.

त्याआधी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो यावर सर्व अवलंबून असते, त्यामुळे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी सामान्य मतदाराने मतदान केंद्रावर जाणे ही कल्पना आपल्याला परकी आहे. काँग्रेसने २०१४च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी निवडक मतदारसंघांत तसा प्रयोग केला, त्यांत लातूर आणि वर्ध्याचा समावेश होता, पण तेथेही मत देणारे पक्षाचे पदाधिकारीच होते. अमेरिकेत मात्र सरकारी यंत्रणा ही प्राथमिक निवडणूक घेते आणि लाखो सामान्य नागरिक तिच्यात भाग घेतात. म्हणूनच पक्षनेतृत्वाला नको असलेला माणूसही पक्षाचा उमेदवार होऊ शकतो, आणि म्हणूनच तिथल्या प्रायमरीच्या चाचण्या सार्वत्रिक निवडणुकीच्या चाचण्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा चुकतात.

कोणाला विचारले, हे आधी पाहावे

चाचणीचा तक्ता उघडल्यावर पहिली नजर उमेदवारांच्या नावांवर न टाकता प्रतिसाद देणाऱ्यांच्या वर्णनावर टाकावी. ‘प्रौढ नागरिक’, ‘नोंदणीकृत मतदार’ आणि ‘संभाव्य मतदार’ हे तीन वेगळे समूह आहेत, आणि प्रायमरीत मतदान इतके कमी होते की ‘मत द्यायला खरोखर कोण येणार’ या एका अंदाजावर चाचणीचा सगळा डोलारा उभा असतो. हा अंदाज बांधण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे मागच्या प्रायमरीत ज्यांनी मत दिले त्यांनाच विचारणे. बाहेरचा उमेदवार जर नवे मतदार खेचून आणत असेल, तर नेमकी हीच रीत त्याला कमी दाखवते.

२०१४च्या जूनमध्ये व्हर्जिनियातील सातव्या मतदारसंघात प्रतिनिधिगृहाचे बहुमत नेते एरिक कँटर यांच्या स्वतःच्या चाचणीत ते ३४ अंकांनी, म्हणजे टक्केवारीतील ३४च्या फरकाने, पुढे होते; प्रत्यक्षात अर्थशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड ब्रॅट यांनी त्यांना सुमारे ११ अंकांनी हरवले. त्या दिवशी आधीच्या प्रायमरीपेक्षा बरेच अधिक मतदार केंद्रावर आले होते. मिशिगनमध्ये ८ मार्च २०१६च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपूर्वी हिलरी क्लिंटन सरासरी २० अंकांच्या आसपास पुढे दिसत होत्या आणि बर्नी सँडर्स दीड अंकाने जिंकले. तेथे चाचणीसंस्थांची अडचण समजून घेण्यासारखी आहे: २००८ साली मिशिगनने पक्षाचे वेळापत्रक मोडल्यामुळे बराक ओबामा यांनी आपले नाव मतपत्रिकेवरून काढून घेतले होते, २०१२ साली ओबामांच्या विरोधात खरी लढतच नव्हती, त्यामुळे अंदाज बांधायला उपयोगी पडेल असे ताजे मतदान त्यांच्याजवळ नव्हते.

प्रायमरी खुली आहे की बंद, हेही याच वेळी तपासून घ्यावे. न्यूयॉर्कमध्ये पक्षाकडे नोंद केलेल्यांनाच मत देता येते. मिशिगनमध्ये पक्षनोंदणीच नाही, कोणताही मतदार केंद्रात गेल्यावर कोणत्या पक्षाच्या रकान्यात खूण करायची ते ठरवतो. खुल्या राज्यात बाहेरच्या उमेदवाराला पक्षाबाहेरून मते मिळू शकतात, पण चाचणीत त्याला पाठिंबा देणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्याच पक्षाच्या रकान्यात खूण करण्याचीही शक्यता राहते.

आघाडी कशावर उभी आहे: ठाणेदार यांचे उदाहरण

मराठी वाचकांना जवळचे असे एक उदाहरण येथे थोडे विस्ताराने पाहू, कारण माझ्या मते आघाडी कशी वाचावी हे शिकवणारी इतकी स्वच्छ उदाहरणे थोडी आहेत. बेळगावात वाढलेले, १९७९ साली अमेरिकेत गेलेले आणि रसायनशास्त्रातून उद्योगात उतरलेले श्री ठाणेदार हे २०१८ साली मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागत होते. त्यापूर्वी त्यांनी कोणतेही निवडून दिले जाणारे पद भूषवलेले नव्हते. त्यांच्यासमोर ग्रेचेन व्हिटमर होत्या, ज्यांनी राज्याच्या सिनेटमध्ये पक्षाचे नेतृत्व केले होते आणि ज्यांना मोटार कामगारांच्या संघटनेसह बहुतेक मोठ्या संघटनांचा पाठिंबा होता. तिसरे उमेदवार अब्दुल एल-सईद हे डेट्रॉइटच्या आरोग्य विभागाचे माजी प्रमुख होते. २०१८च्या वसंतात काही चाचण्यांनी ठाणेदार यांना व्हिटमर यांच्या बरोबरीला किंवा पुढे दाखवले, आणि ‘हे कोण?’ असा प्रश्न मिशिगनची राजधानी लॅन्सिंगपासून पुण्यापर्यंत विचारला गेला.

त्या आकड्यांखाली तीन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे जाहिरात: ठाणेदार यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर प्रचारात घातले आणि फेब्रुवारीतील सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या प्रक्षेपणापासूनच ते दूरचित्रवाणीवर दिसू लागले, तर प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती त्या काळात जवळजवळ नव्हत्या. दुसरी म्हणजे अनिर्णितांचे प्रमाण, जे अशा लांबच्या चाचण्यांत मोठे असते. तिसरी म्हणजे व्हिटमर यांची ओळख: पक्षाच्या वर्तुळात त्या सर्वांना माहीत असल्या, तरी सामान्य मतदारांपैकी अनेकांनी, विशेषतः डेट्रॉइटमध्ये, त्यांचे नाव फारसे ऐकलेले नव्हते. म्हणजे ही आघाडी एका परिचित नावाने दोन अपरिचित नावांवर घेतलेली होती. उन्हाळ्यात व्हिटमर यांच्या बाजूच्या जाहिराती सुरू झाल्या, संघटना कामाला लागल्या, वृत्तपत्रांनी ठाणेदार यांच्या उद्योगातील कारकिर्दीबद्दल आणि राजकीय बांधिलकीबद्दल प्रश्न विचारले, आणि ७ ऑगस्टला अकरा लाखांहून अधिक मतांच्या मोजणीनंतर व्हिटमर यांना सुमारे ५२ टक्के, एल-सईद यांना ३० टक्के आणि ठाणेदार यांना १८ टक्क्यांच्या आत मते मिळाली.

यातून वाचकाने उचलायची पद्धत अशी की आघाडीचा आकडा पाहिल्यावर लगेच त्याच चाचणीतील ‘या उमेदवाराविषयी आपले मत काय’ हा तक्ता शोधावा. त्यात अनुकूल आणि प्रतिकूल यांच्या शेजारी ‘नाव ऐकलेले नाही’ असा रकाना असतो. पुढे असलेल्याला बहुतेक लोक ओळखतात आणि मागे असलेल्याला निम्मे लोक ओळखत नाहीत, असे दिसले तर ती आघाडी तात्पुरती धरावी. उलट, दोघांनाही मतदार पुरेसे ओळखत असताना बाहेरचा उमेदवार पुढे असेल, तर त्या आघाडीला मी कितीतरी अधिक किंमत देईन. जाहिरातींवर कोणी किती आणि कधीपासून खर्च केला, याचे हिशेब निवडणूक यंत्रणेकडे जाहीर होतात, आणि ते चाचणीशेजारी ठेवून वाचायला फार वेळ लागत नाही.

पैशाने मात्र सर्व उलगडत नाही. २०१६च्या रिपब्लिकन लढतीत जेब बुश यांच्या समर्थक समितीने दहा कोटी डॉलरहून अधिक गोळा केले होते. बुश यांनी २० फेब्रुवारीला माघार घेतली तेव्हा त्यांच्याकडे चारच प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे सदस्य) होते. ट्रम्प यांनी जाहिरातींवर तुलनेने थोडे खर्च केले, कारण बातम्यांमधून त्यांना फुकटात जी जागा मिळत होती ती कोणालाही विकत घेता आली नसती.

किती अंकांची आघाडी ही खरोखर आघाडी

हा भाग गणिताचा आहे, पण तो टाळू नये. राष्ट्रीय चाचणीत एक हजार लोकांना विचारले असे मथळ्यात असते, तरी त्यांपैकी एका पक्षाच्या प्रायमरीत मत देण्याची शक्यता असलेले चारशेच असू शकतात, आणि प्रायमरीचे आकडे त्या चारशेंवरून काढलेले असतात. चारशेंच्या नमुन्यासाठी त्रुटीची मर्यादा (खरा आकडा छापील आकड्याच्या किती वर-खाली असू शकतो ती) अधिक-उणे पाच अंकांच्या जवळ छापलेली असते. ती एका उमेदवाराच्या टक्केवारीपुरती असते. दोघांमधल्या अंतराची मर्यादा तिच्याहून मोठी असते.

समजा बाहेरच्या उमेदवाराला २८ टक्के आणि दुसऱ्याला २४ टक्के आहेत. दोन्ही वाट्यांची बेरीज ०.५२, तिच्यातून अंतराचा वर्ग, म्हणजे ०.०४ गुणिले ०.०४, वजा केला की ०.५१८४ उरतात. त्याला ४०० ने भागून वर्गमूळ काढले की ०.०३६ मिळतात, आणि त्याची साधारण दुप्पट म्हणजे सात अंक. चार अंकांच्या आघाडीभोवती सात अंकांची मर्यादा, म्हणजे प्रत्यक्षात तो उमेदवार अकरा अंकांनी पुढेही असू शकतो आणि तीन अंकांनी मागेही. उमेदवार अनेक असून पुढच्या दोघांचे वाटे एक चतुर्थांशाच्या आसपास असतात तेव्हा छापील मर्यादेची दीडपट केली तरी काम भागते. केवळ दोघांतच लढत असेल तर ती जवळजवळ दुप्पट धरावी. हे सर्व केवळ नमुना निवडताना होणाऱ्या योगायोगाच्या चुकीबद्दल झाले. मतदानाला कोण येईल या अंदाजातली चूक या मर्यादेत धरलेलीच नसते, आणि प्रायमरीत मोठी चूक बहुधा तिथेच होते.

एकाच चाचणीवर विसंबण्याऐवजी सरासरी पाहावी, हा सल्ला योग्य असला तरी सरासरीत काय मिसळले आहे तेही पाहावे. २०१५ साली दूरध्वनीवर माणसाने प्रश्न विचारलेल्या चाचण्यांपेक्षा इंटरनेटवरच्या चाचण्यांत ट्रम्प यांचा आकडा वरचा येत असे. अशा वेळी एखाद्या आठवड्यात इंटरनेटवरच्या चाचण्या अधिक प्रसिद्ध झाल्या की सरासरी वर जाते, आणि वाचकाला वाटते की मतदार सरकले. एकाच संस्थेच्या, एकाच पद्धतीच्या दोन चाचण्यांची आपसात तुलना करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेने स्वतः प्रसिद्ध केलेली चाचणी असेल तर ती बाजूला ठेवावी. कँटर यांचे ३४ अंक आठवले की याहून अधिक लिहिण्याची गरज उरत नाही.

चढ, छाननी आणि नंतर

राज्यशास्त्रज्ञ जॉन साइड्स आणि लिन वाव्रेक यांनी २०१२च्या लढतीचा अभ्यास करताना बाहेरच्या उमेदवारांच्या चढउताराचे तीन टप्पे मांडले: माध्यमांना उमेदवाराचा शोध लागतो, मग त्याची छाननी होते, आणि मग उतरण लागते. त्या मोसमात रिक पेरी, हर्मन केन, न्यूट गिंग्रिच आणि रिक सँटोरम हे एकामागून एक वर गेले आणि खाली आले, आणि या सर्व काळात अखेरीस उमेदवारी मिळवणारे मिट रॉम्नी यांचा आकडा फारसा हलला नाही. म्हणून चाचणीत कोणी एकदम वर गेला, तर त्याच आठवड्यांत त्याच्याविषयीच्या बातम्या किती पटींनी वाढल्या ते पाहावे. बातम्यांबरोबर आकडा चढला असेल, तर प्रश्न असा विचारावा की छाननी अजून व्हायची आहे की होऊन गेली आहे.

ट्रम्प यांच्या बाबतीत अनेक जाणकार नेमके येथे चुकले. १६ जून २०१५ला उमेदवारी जाहीर झाली, जुलैत ते आघाडीवर आले, आणि तीन टप्प्यांचा ठोकताळा हाताशी असलेल्यांनी उतरणीची वाट पाहायला सुरुवात केली. पण छाननी तर पहिल्या आठवड्यापासून चालू होती. सिनेटर जॉन मॅकेन यांच्या युद्धकैदेविषयी ट्रम्प यांनी केलेल्या विधानानंतर ती आणखी तीव्र झाली, आणि आकडा खाली आला नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निवृत्त शल्यविशारद बेन कार्सन काही दिवस त्यांच्या बरोबरीला आले, मग पॅरिसवरील हल्ल्यानंतर परराष्ट्र धोरणाचे प्रश्न पुढे आले आणि कार्सन मागे पडले. म्हणजे एकाच वेळी दोन बाहेरचे उमेदवार शर्यतीत होते आणि ठोकताळा त्यांपैकी एकालाच लागू पडला.

फरक ओळखण्याच्या खुणा त्याही वेळी चाचण्यांत उपलब्ध होत्या. ट्रम्प यांच्या समर्थकांत ‘माझे मत पक्के आहे’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असे. उमेदवारी जाहीर होण्यापूर्वी रिपब्लिकन मतदारांत त्यांच्याविषयी प्रतिकूल मत अधिक होते, ते काही आठवड्यांत उलटले आणि उलटलेलेच राहिले. मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी खूण चाचणीच्या बाहेरची होती: पक्षातील प्रस्थापितांनी त्यांच्याविरुद्ध एकच पर्याय निवडला नाही. सतरा उमेदवारांची गर्दी होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याने माघार घेण्याची वाट पाहत होता. विद्यमान सिनेटरचा पहिला जाहीर पाठिंबा ट्रम्प यांना २८ फेब्रुवारी २०१६ला, जेफ सेशन्स यांच्याकडून मिळाला. पण तोवर इतर कोणालाही त्या वर्गाचा एकत्रित पाठिंबा मिळालेला नव्हता. मिशिगनमध्ये दोन वर्षांनी उलट घडले, तेथे संघटना आधीच एका नावामागे उभ्या होत्या.

राष्ट्रीय आकडा आणि राज्याचा आकडा

अध्यक्षपदाच्या लढतीत राष्ट्रीय प्रायमरी अशी काही नसते. एकेक राज्य आपापल्या तारखेला मत देते आणि आधीचा निकाल पुढच्या राज्याचे मत बदलतो. २००७ साली जवळजवळ वर्षभर न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी ज्युलियानी रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय चाचण्यांत पुढे होते आणि शेवटी त्यांनी एकही राज्य जिंकले नाही. हॉवर्ड डीन २००३च्या अखेरीस डेमोक्रॅटिक चाचण्यांत आघाडीवर होते; १९ जानेवारी २००४ला आयोवात ते १८ टक्क्यांवर तिसरे आले. म्हणून राष्ट्रीय आकडा उमेदवाराची प्रसिद्धी मोजतो असे समजावे आणि पहिल्या दोन-तीन राज्यांच्या चाचण्या वेगळ्या वाचाव्यात. त्यातही आयोवासारख्या ठिकाणी, जेथे ठरलेल्या वेळी सभेला जाऊन मत नोंदवावे लागते, घराघरांतून माणसे बाहेर काढणाऱ्या संघटनेला अधिक महत्त्व असते. १ फेब्रुवारी २०१६पूर्वीच्या तेथील नावाजलेल्या अखेरच्या चाचणीत ट्रम्प २८ आणि टेड क्रूझ २३ होते. मतदानात क्रूझ २८च्या जवळ गेले आणि ट्रम्प २४वर थांबले. आठ दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये मात्र ट्रम्प चाचण्यांनी सांगितल्याप्रमाणे ३५ टक्के मते घेऊन स्पष्टपणे जिंकले.

जिंकण्यासाठी किती मते लागतात

शेवटी त्या ठिकाणचा नियम काढून पाहावा, कारण सर्व चाचण्या बरोबर असल्या तरी तोच आकडा एका ठिकाणी विजय आणि दुसऱ्या ठिकाणी पराभव ठरतो. टेक्सासमध्ये पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पुढच्या दोघांत फेरमतदान होते; २०१२ साली सिनेटच्या उमेदवारीसाठी उपराज्यपाल डेव्हिड ड्यूहर्स्ट सुमारे ४५ टक्क्यांसह पहिले आणि क्रूझ ३४ टक्क्यांसह दुसरे होते, तरी फेरमतदानात क्रूझ ५७ टक्के घेऊन जिंकले. अशा राज्यात पहिल्या फेरीच्या चाचणीपेक्षा दोघांतील थेट लढतीचा प्रश्न विचारणारी चाचणी शोधावी.

न्यूयॉर्क शहराच्या प्रायमरीत मतदार पाच नावांपर्यंत पसंतीक्रम देतात. २४ जून २०२५च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक लढतीत राज्याच्या विधानसभेचे सदस्य झोहरान ममदानी फेब्रुवारीत एक टक्क्याच्या आसपास होते, पुढे बहुतेक चाचण्यांत माजी राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांच्या मागे राहिले, आणि अखेरच्या दिवसांतील एका चाचणीत पहिल्या पसंतीत कुओमो पुढे असूनही पसंतीक्रमाच्या शेवटच्या फेरीत ममदानी पुढे गेले. प्रत्यक्षात ममदानी पहिल्या पसंतीतच सुमारे ४४ विरुद्ध ३६ असे पुढे होते आणि शेवटच्या फेरीत ५६ टक्क्यांवर पोहोचले. दहा लाखांहून अधिक मते पडली होती आणि त्यांतला मोठा नवा वर्ग चाचण्यांच्या नमुन्यात नव्हता.

जेथे सर्वाधिक मते एवढाच निकष आहे, तेथे उमेदवारांची संख्या मोजावी. दक्षिण कॅरोलिनात २०१६ साली ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मते मिळाली आणि राज्याचे सर्व ५० प्रतिनिधी त्यांना गेले. २०१८ साली राज्याच्या मानाने डेट्रॉइटमध्ये अधिक मते मिळालेले ठाणेदार पुढे त्या शहरातून राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले, आणि २०२२ साली अमेरिकी संसदेच्या, मिशिगनमधील तेराव्या मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत त्यांना सुमारे २८ टक्के मते मिळाली. मिशिगनमध्ये फेरमतदान नाही. दुसऱ्या क्रमांकावरील उमेदवाराला साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास मते होती, आणि त्या मतदारसंघाचा डेमोक्रॅटिक कल पाहता संसदेतील जागा त्या ऑगस्टमध्येच जवळजवळ निश्चित झाली.